सवा लाखाची पंगत

राळेगणसिद्धीचं नाव जगभर गेलं ते न जेवण्यामुळे. २०११ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे यांनी दिल्लीत २८८ तास अन्न घेतलं नाही आणि पारनेर तालुक्यातलं हे अडीच हजार वस्तीचं गाव परदेशी वाहिन्यांवर झळकलं. पुढे ८ डिसेंबर २०२० ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, अण्णा पुन्हा एक दिवस उपाशी बसले. या वेळी गावातच. दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडलेल्या शेतकऱ्यांना, म्हणजे मुख्यतः पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांना, पाठिंबा म्हणून.

ज्यांच्यासाठी राळेगणात एक माणूस उपाशी होता, ते सगळे त्या दिवशी सिंघू सीमेवर पोटभर जेवत होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पिठाची पोती आली होती, हमरस्त्यावर चुली मांडल्या होत्या, बाया-बाप्ये मांडी घालून रोट्या लाटत होते. आंदोलकांच्या पंगतीत आजूबाजूच्या झोपडपट्टीतली पोरं बसत आणि बंदोबस्ताला आलेले पोलीससुद्धा. हे वर्षभराहून जास्त काळ चाललं. निषेध नोंदवायच्या या दोन तऱ्हा. उपोषणाची तऱ्हा आपल्याला चांगली ठाऊक आहे, तिचे तासही आपण मोजलेले असतात. जेवू घालायच्या तऱ्हेचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तो मांडून पाहावा, म्हणून हा खटाटोप.

मोजायला माप हवं. लाख, कोटी हे आकडे ऐकून ऐकून बोथट झालेत. त्यामुळे माप म्हणून राळेगणच घेऊ. गावातली म्हातारी-कोतारी, पाळण्यातली पोरं, सगळी धरून अडीच हजार माणसं, म्हणजे एक ‘राळेगण’. अख्खं गाव एका वेळी जेवायला बसलंय असं डोळ्यांपुढे आणलं की पुढचे आकडे जरा पचतील.

अमृतसरच्या हरमंदिर साहिबचा, म्हणजे सुवर्णमंदिराचा लंगर (तिथली मोफत पंगत) रोज वीस राळेगणं जेवू घालतो. सुट्टी, सण, गुरुपुरब असलं की चाळीस. दिवसाकाठी ५० हजार ते १ लाख माणसं, चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस. सरासरी ७५ हजार धरली तर आपला अख्खा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर, २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाख ४३ हजार माणसं) दोन महिन्यांत तिथे एकेकदा जेवून उठेल. वर्षाला ही संख्या पावणेतीन कोटींच्या घरात जाते. महाराष्ट्रातला दर चौथा माणूस म्हणा ना.

हे आकडे इतक्या ठिकाणी छापून आलेत की कुणी तपासत नाही. तपासायला मात्र मजा येते, कारण स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू वेगळी साक्ष देते. रोजचा शिधा असा सांगितला जातो: ७ हजार किलो कणीक, १२०० किलो तांदूळ, १३०० किलो डाळ, ५०० किलो तूप. रोट्या २ लाख. आता कणकेला रोट्यांनी भागा. रोटीमागे ३५ ग्रॅम पीठ येतं. आपल्या घरातली पोळी साधारण एवढ्याच पिठाची. पहिला साक्षीदार खरा निघाला.

डाळीकडे वळू. १३०० किलो डाळ १ लाख माणसांत वाटली, तर माणशी १३ ग्रॅम कोरडी डाळ येते. एवढ्याशा डाळीत आमटी झाली तर तिच्यात तोंड दिसेल, आणि अमृतसरची डाळ तशी नसते. ती घट्ट, तुपाळ, रात्रभर शिजलेली असते. माणसं ५० हजार धरली, की डाळ २६ ग्रॅमवर येते, रोट्या माणशी चार होतात, तूप १० ग्रॅम. हे जेवण पटण्याजोगं. म्हणजे डाळीची साक्ष ५० हजारांच्या बाजूने.

भांडी मात्र उलट बोलतात. रोज ३ लाख ताटं, वाट्या, चमचे धुतले जातात असं सांगतात. माणशी तीन नग धरले, की सरळ १ लाख माणसं. साक्षीदार फुटला! मला वाटतं, डाळ एरवीच्या दिवसाची सांगितली जाते आणि भांडी गर्दीच्या दिवसाची. पण भांड्यांच्या आकड्याला आणखी एक भागाकार देऊन पाहा. चोवीस तासांत ३ लाख, म्हणजे सेकंदाला साडेतीन नग. हे वाक्य वाचेपर्यंत पंधरा-वीस भांडी विसळून झाली. ती विसळणाऱ्यांत डॉक्टर असतात, वाहतूकदार असतात, कॅनडाहून महिनाभर आलेली सून असते, नवस फेडायला आलेला लष्करी अधिकारी असतो. पगारी माणसं साडेचारशेच्या आसपास. बाकी शेकडो जण येतात, पदर किंवा रुमाल डोक्याला बांधतात, राखेचा हात मारतात आणि तास-दोन तासांनी निघून जातात. कोण आलं, किती वेळ घासलं, याची वही नाही.

त्या २ लाख रोट्यांचंही चित्र काढू. एक रोटी १८ सेंटिमीटर व्यासाची धरली आणि राळेगणच्या यादवबाबांच्या देवळापासून नगरच्या दिशेने एकापुढे एक मांडत गेलं, तर रांग ३६ किलोमीटर जाते. एका दिवसाच्या रोट्या नगरची वेस जवळजवळ गाठतात. एकावर एक रचल्या आणि रोटीची जाडी तीन मिलिमीटर धरली, तर ६०० मीटरचा मनोरा. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात १६४६ मीटरचं कळसूबाई आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या पंगतीपर्यंत रोट्या कळसूबाईच्या देवळाच्या वर गेलेल्या असतील. रोट्या भाजायला आता यंत्रंही आहेत, तरी हाताने थापणाऱ्या बायांची रांग मोडलेली नाही. बसायची दोन दालनं मिळून ५ हजार माणसं मावतात, म्हणजे एका दमात दोन राळेगणं जेवायला बसतात.

एवढं धान्य येतं कुठून, असा प्रश्न दुष्काळी पट्ट्यातल्या वाचकाला पहिल्यांदा पडतो. रोजची ७ टन कणीक म्हणजे वर्षाला २५५५ टन गहू. पंजाबात हेक्टरी सुमारे ५ टन गहू निघतो. त्या हिशेबाने ५११ हेक्टर रान पुरतं. राळेगणसिद्धीचं एकूण क्षेत्र ९८२ हेक्टर. म्हणजे पंजाबचं पाणी आणि पंजाबचा उतारा असता, तर निम्म्या राळेगणच्या जमिनीने सुवर्णमंदिराची चूल वर्षभर पेटती ठेवली असती. महाराष्ट्रात गव्हाचा सरासरी उतारा हेक्टरी दोन टनांच्या आत असतो. त्या भावाने १२७७ हेक्टरांहून जास्त रान लागेल आणि राळेगण डोंगर-ओढ्यांसकट नांगरलं तरी कमीच पडेल.

(आकड्यांचं हे वेड राळेगणलाही लागू करावं. इथल्या पाणलोटाच्या कामाबद्दल नेहमी लिहिलं जातं, की १९७५ च्या सुमारास जेमतेम ७० एकर भिजत होतं आणि नंतर २५०० एकर. पण ९८२ हेक्टर म्हणजे २४२७ एकर. गावाच्या क्षेत्रफळापेक्षा ओलित जास्त! दोन हंगाम वेगवेगळे मोजले असतील. काम मोठं आहे यात शंका नाही. आकडा तेवढा शिवाराबाहेर गेलाय.)

पंजाब म्हणजे देशाच्या जमिनीचा दीड टक्का. तरी हे राज्य सरकारी साठ्यात वर्षाला साधारण १२० लाख टन गहू घालतं. सुवर्णमंदिराचे २५५५ टन त्यापुढे काहीच नाहीत. पावणेपाच हजार पोत्यांमागे एक पोतं बाजूला काढावं तसा हा हिशेब. म्हणून ‘पंजाब सुपीक, त्यांना काय कमी’ हे उत्तर मला अर्धंच वाटतं. धान्य आपल्याकडेही असतं. लंगरात नवल आहे ते हातांचं. आणि धान्याच्या बाजूला एक कडू आकडाही आहे: पंजाब जमिनीत वर्षाला जेवढं पाणी मुरतं, त्याच्या दीडपटीच्या आसपास उपसतो. भात आणि गव्हाच्या त्या अफाट राशींखालची विहीर खोल खोल चालली आहे. समपातळी चर खणून पावसाचा थेंब अडवणाऱ्या राळेगणला हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

भुकेचाही आकडा पंजाबकडे आहे, आणि तो अमृतसरपेक्षा मोठा आहे. १९४७ च्या फाळणीत एक कोटीहून जास्त माणसं इकडून तिकडे, तिकडून इकडे झाली. कुरुक्षेत्रात निर्वासितांची जी छावणी उभी राहिली, तिथे भर काळात ३ लाख माणसं तंबूंत राहत होती. एकशेवीस राळेगणं, एका माळावर. त्यांना रोज १०० टन कणीक लागे. आजच्या सुवर्णमंदिराच्या चौदा पट! माणशी ३३३ ग्रॅम. ते दान नव्हतं, सरकारी शिधा होता, आणि तो रांगेत उभं राहून घेणाऱ्यांत कालपर्यंत लायलपूर-मिंटगुमरीकडे कालव्याखालच्या जमिनी कसणारे, दारात आलेल्याला उपाशी न पाठवणारे लोक होते. देणाऱ्याचा हात एका उन्हाळ्यात घेणाऱ्याचा झाला. त्यातली काही कुटुंबं मुंबईत आली. शीव कोळीवाड्याला, आजच्या गुरु तेगबहादूर नगरला, लष्कराच्या बराकींत राहिली आणि पोटासाठी हाताला येईल ते विकू लागली. ‘कोळंबी कोळीवाडा’ हा पदार्थ कोळणीच्या चुलीवरचा समजून आपण मिटक्या मारत खातो. तो या पंजाबी निर्वासितांनी काढलेला. बेसन, ओवा आणि लाल तिखटात घोळवून तळायची त्यांची अमृतसरी मासळीची रीत, तीच मुंबईच्या कोळंबीला लागू झाली. छावणीत शिधा घेणाऱ्यांनी पुढे शहराला चव लावली, याला पंजाबीत ‘चढदी कला’ म्हणतात. मन सतत चढतं ठेवायचं, परिस्थिती उतरली तरी.

राळेगणशी या पंजाबचं एक जुनं, रक्ताचं नातं आहे. १९६५ च्या युद्धात अण्णा हजारे सैन्यात ट्रकचालक होते आणि खेमकरण क्षेत्रात त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. सोबतचे जवान गेले, हे एकटे वाचले. गावाकडे परतून पुढे जे झालं त्याचा उगम ते स्वतः तिथेच सांगतात. त्याच खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. तसला पॅटन रणगाडा पाहायचा तर पंजाबात जायची गरज नाही, नगरच्या रणगाडा संग्रहालयात तो उभा आहे. पण त्या युद्धाची दुसरी गोष्ट संग्रहालयात ठेवता येत नाही. सीमेवरच्या कित्येक गावांतले लोक गाव सोडून मागे गेले नाहीत. ताकाच्या, दुधाच्या चरव्या आणि रोट्यांच्या चळती घेऊन ते तोफांच्या आवाजात पुढच्या ठाण्यांपर्यंत गेले. खाजगी मालमोटारींच्या चालकांनी आपल्या गाड्या दारूगोळा वाहायला दिल्या. रस्त्यावर जाणारा प्रत्येक जवान हा ज्याच्या त्याच्या घरचा पाहुणा होता.

आपल्याकडे पाहुणचार नाही असं कुणी म्हणू नये. पण आपला पाहुणचार पानं मोजून चालतो. लग्नघरात आचारी पहिला प्रश्न विचारतो, ‘किती पानं?’ मग मुलीकडची किती, मुलाकडची किती, गावजेवण धरायचं की नाही, यावर रात्र जाते. यात कंजुषी शोधणारे शोधोत. ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही तिथे पानं मोजणं हा शहाणपणाच आहे. राळेगणने तर त्याची व्यवस्थाच लावली. १९८० मध्ये गावात धान्य बँक निघाली: ज्याच्याकडे जास्त आहे त्याने पोतं घालायचं, अडलेल्याने न्यायचं आणि सुगीला वर काही घालून परत करायचं. सामुदायिक लग्नं सुरू केली. मांडव, भांडी, कर्णे तरुण मंडळाचे, स्वयंपाक आणि वाढणंही त्यांचंच. १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत अशी ४२४ लग्नं लागली. लग्नामागे पाचशे पानं धरली तर दहा वर्षांत २ लाख १२ हजार. खर्च वाचवण्यासाठी एकत्र केलेल्या लग्नांत ती तेवढीही नसतील. अमृतसरात एवढी पानं दोन-चार दिवसांत उठतात. पण वीस राळेगणांची पंगत रोज उठवणं आणि दुष्काळी गावात एकाही बापाला लग्नापायी कर्ज काढू न देणं, यांतलं अवघड कोणतं, हे भागाकाराने ठरत नाही.

मोठी चूल जिल्ह्यात नाही असंही नाही. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ पासून ७३ सौर तबकड्या आहेत; त्यांच्या वाफेवर रोज ५० हजार माणसांचं जेवण शिजू शकतं. आकड्यात शिर्डी अमृतसरच्या बरोबरीला बसते. फरक जाणवतो तो पंगतीत शिरल्यावर. शिर्डीत तुम्ही भक्त असता, आणि जेवण हा दर्शनानंतरचा प्रसाद असतो. लंगरात क्रम मुळात उलटा. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळापासून दंडक पडला, की आधी पंगतीला बसायचं, मग गुरूला भेटायचं. बादशहा अकबर गोइंदवालला आला तेव्हा त्यालाही जमिनीवर बसून जेवावं लागलं, अशी कथा शीख सांगतात. कथा असेल, पण सगळ्यांनी एकाच पंगतीत जमिनीवर बसायचं हा नियम आजही पाळला जातो, आणि एवढ्या मोठ्या आकड्याची किल्ली तोच आहे. तुम्ही कोण, कुठले, पुन्हा बसलात का, हे विचारणाराच कुणी नेमलेला नाही. निमंत्रण नसल्याने यादी नाही, यादी नसल्याने पानांची संख्या नाही, आणि संख्या नसल्याने ‘संपलं’ म्हणायची वेळ कुठे आखलेली नाही. आपल्याकडच्या कार्यालयात अर्धी माणसं प्रवेशिका तपासायलाच लागली असती.

हा दंडक मराठी मुलखात तीनशे वर्षांपूर्वी येऊन पोचला. गुरु गोविंदसिंगांनी औरंगजेबाला फारसीत १११ द्विपदींचं ‘जफरनामा’ हे पत्र लिहिलं. भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग ते घेऊन पंजाबातून दक्षिणेत, बादशहाच्या छावणीकडे नगरला आले. दीड हजार किलोमीटरहून लांब, दोन माणसं, शत्रूच्या मुलखातून. बादशहा १७०७ मध्ये नगरलाच गेला. गुरू स्वतः दक्षिणेत आले, ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेडला गोदावरीकाठी त्यांचा देह पडला आणि तिथलं तख्त हजूर साहिब महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतलं. नांदेडकरांना लंगरचं अप्रूप कधीच नव्हतं. दसऱ्याला आणि होळीला निघणारा हल्लाबोल, त्यातली घोडी, निळे फेटे, तलवारी हे त्यांच्या गावचंच आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या किती पोरांनी महिनाअखेरीला गुरुद्वाऱ्यात पोट भरलं असेल, ते त्यांनाच माहीत.

उलट दिशेचं देणंही आहेच. संत नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबच्या १४३० पानांत आहेत. परंपरेने त्यांचं उत्तरायुष्य जिथे गेलं म्हणतात त्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावात ३ ते ५ एप्रिल २०१५ ला ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष सदानंद मोरे. संमेलनाच्या जेवणावळींवरून रुसवे-फुगवे ही आपली जुनी परंपरा. घुमानला तिला वावच मिळाला नाही.

मोजायला सर्वांत अवघड आकडा मात्र महाराष्ट्रातलाच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रस्ते चालणाऱ्या मजुरांनी भरले. नगरमध्ये पंजाबी, शीख, सिंधी मंडळींनी ‘घर घर लंगर सेवा’ सुरू केली आणि जेवणाची पाकिटं वस्त्यांत, रुग्णालयांत जाऊ लागली. तिकडे यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावर करंजीला एक पत्र्याची शेड आहे. गुरुद्वारा लंगर साहिब, १९८८ पासूनचा. गुरु गोविंदसिंग नांदेडला जाताना जिथे थांबले असं मानतात, तो भगोद साहिब तिथून आत जंगलात. चालवणारे बाबा कर्नैलसिंग खैरा, तेव्हा ८१ वर्षांचे. मागे दीडशे आणि पुढे तीनशे किलोमीटर धड खानावळ नाही, म्हणून सगळी वाहनं इथेच थांबतात, असं त्यांनी सांगितलं होतं. मे २०२० च्या अखेरीस वृत्तसंस्थांनी बातमी दिली, की दहा आठवड्यांत या एका शेडने २० लाखांहून जास्त लोकांना जेवू घातलं. जेवणारे वेगळे, पाकिटं घेऊन पुढे गेलेले वेगळे, सगळे मिळून.

लावू या भागाकार. सत्तर दिवसांत २० लाख, म्हणजे दिवसाला २८ हजार ५००. साडेअकरा राळेगणं. तासाला अकराशे नव्वद. मिनिटाला वीस. दर तीन सेकंदांना एक माणूस ताट किंवा पाकीट घेऊन पुढे सरकतोय, रात्रीचे तीन वाजलेत तरी. माणशी तीन रोट्या आणि अमृतसरचंच ३५ ग्रॅमचं माप धरलं, तर रोजची तीन टन कणीक. हे मळायला, भाजायला, वाढायला बाबांकडे माणसं किती? सतरा. त्यातले अकरा स्वयंपाकी. माणशी रोज सोळाशे ऐंशीच्या आसपास जेवणं!

खरं सांगायचं तर हा आकडा पाहून माझा हात पेन्सिलकडे गेला. चालत्या रस्त्यावर कोण मोजतं? पिठाच्या पोत्यांवरूनच अदमास केला असणार, आणि अदमास वरच्या बाजूला झुकतो. म्हणून निम्मा करू: दिवसाला १४ हजार, सहा मिनिटांत साठ माणसं. तरी सतरा जणांच्या आवाक्याबाहेरचंच. पाव केला तरी रोज जवळजवळ तीन राळेगणं उरतातच. आसपासचे लोक, ट्रकवाले, स्वतः जेवलेले प्रवासी यांनी हात लावल्याशिवाय हे होणं नाही, आणि लंगरात हात लावणाऱ्यांची नोंद होत नाही हे आपण अमृतसरच्या भांड्यांपाशी पाहिलंच.

पंजाबातल्या निहंगांना विचारलं असतं तर त्यांनी मात्र या गणितात काहीच विशेष मानलं नसतं. निळा वेश, उंच पगडी, त्यावर लोखंडी चक्रं बांधून फिरणारी ही फौज, मुघलांच्या पाठलागात जंगलांत राहिलेली, उपाशी राहिलेली. त्यांनी तेव्हापासून आपली एक मोजदाद ठेवली आहे. मूठभर भाजके चणे असले तर ते बदाम. कांदा असला तर रुपं. अन्न अगदी संपलं, की लंगर ‘मस्ताना’ झाला. आणि एकटाच शीख वाटेने येताना दिसला, तर ‘एक जण आला’ म्हणायचं नाही. सवा लाख फौज आली म्हणायचं.

करंजीला सेवेकरी सतरा होते. सतरा गुणिले सवा लाख, एकवीस लाख पंचवीस हजार.